सरपंचाला रोजगाराबद्दल विचारायचंच, एका फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज गावागावातल्या ग्रुपवर फिरतोय, मला चार ठिकाणांहून आला, त्यातला एक तर सख्ख्या चुलतभावाने पाठवलाय. मेसेजचं म्हणणं असं की सरपंच, नगरसेवक, झेडपी मेंबर यांना रोजगाराचं विचारणं चुकीचं आहे. का, तर एक, त्यांच्या हातात काही नसतं, त्यांचं काम गटार, दिवाबत्ती आणि नळ. दोन, रोजगार हमी म्हणजे नुसते खड्डे खणणं. तीन, हिवरे बाजारच्या सरपंचाचं उदाहरण देऊ नका, तसा माणूस एखादाच. चार, रोजगार येतो तो फक्त एमआयडीसीने. पाच, मुळात पोरांनाच काम नकोय. खाली लिहिलंय "पटलं तर पुढे पाठवा". मला पटलं नाही, म्हणून हे लिहितोय, आणि जरा लांबणार आहे.

आधी एक सांगतो, सरपंच कोणाला अपॉइंटमेंट लेटर देऊ शकत नाही हे मलाही माहितीये. पण नोकरी देणं वेगळं आणि गावात काम तयार होईल असे निर्णय घेणं वेगळं, मेसेज लिहिणाऱ्याने या दोन गोष्टी एकत्र कालवल्यात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

"हातात काही नसतं" हे बघू. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती काढून बघा, तिच्यामुळे घटनेत अकरावी अनुसूची आली आणि त्यात पंचायतींचे २९ विषय आहेत. पाणी, स्वच्छता, वीज आहेतच, पण त्याच यादीत लघुउद्योग, खादी आणि ग्रामोद्योग, दुग्धव्यवसाय, मत्स्यव्यवसाय, तांत्रिक प्रशिक्षण, बाजार आणि जत्रा, दारिद्र्य निर्मूलन हेही आहे. आता कोणी म्हणेल हे कागदावर, राज्य सरकार अधिकार सोडत नाही आणि पैसे बांधून येतात. खरंय ते. केंद्राकडून पंचायतींना येणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. पण उरलेला ४० टक्के अबंधित होता ना, तो कुठे लावायचा हे गावच्या आराखड्यात ठरत होतं आणि आराखडा ग्रामसभेने मंजूर करायचा असतो. किती गावांत त्या आराखड्यात पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशद्वाराची कमान सोडून काही होतं? आणि पैसा न लागणाऱ्या गोष्टीही आहेत. ग्रामपंचायतीचे गाळे कोणाला आणि किती भाड्याने द्यायचे, आठवडी बाजारात कोणाला कुठे बसू द्यायचं, गावतळ्यातल्या माशांचा ठेका बाहेरच्या माणसाला द्यायचा की गावातल्या पोरांच्या गटाला, घरात मसाला कुटायचं मशीन टाकणाऱ्या बाईला घराच्या नोंदीचा नमुना ८ चा उतारा आणि ना-हरकत दाखला त्याच आठवड्यात द्यायचा की चार महिने फिरवायचं. हे सगळं हातातच आहे की.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण रोजगार हमीला खड्डे म्हणून हिणवलेलं मला खरंच लागतं. ही योजना आपल्या महाराष्ट्राची. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात आधी प्रयोग झाला, मग १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा लाखो माणसं या कामांवर जगली, आमची आजी खडी फोडायला जायची ते आम्ही लहानपणापासून ऐकलंय. १९७७ ला कायदा झाला, १९७९ पासून अंमल. मागेल त्याला काम असा कायदा तेव्हा देशात नव्हता, केंद्राने तो २००५ ला केला. महाराष्ट्राच्या या योजनेसाठी शहरातल्या पगारदारांकडून प्रोफेशन टॅक्स घ्यायला लागले, म्हणजे मुंबईतला कारकून बीडच्या मजुराच्या मजुरीत वाटा देत होता, एवढी मोठी गोष्ट होती ती.

आणि हो, खड्डे खणले. १९९० ला याच योजनेला फळबाग लागवड जोडली, त्या खड्ड्यांत कोकणात आंबा-काजूची कलमं लागली, आमच्याकडे कोरडवाहू रानात डाळिंब आणि बोर लागलं. आज वेंगुर्ल्याकडे, सावंतवाडीला, चंदगडला काजू फोडायचे छोटे कारखाने आहेत, त्यात बायका कामाला आहेत, तो काजू आभाळातून पडला नाही. खड्डा वाया गेला की नाही हे त्यात पुढे काय लावलं त्यावर ठरतं, आणि काय लावायचं हे गावाने ठरवायचं असतं. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात तर निम्मी कामं तरी ग्रामपंचायतीमार्फतच करायची असं लिहिलेलं होतं.

मग बिघडलं कुठे? माझं सांगतो. पुण्यात तीन वर्षं परीक्षांचा अभ्यास करून मी गावी परत आलो तेव्हा आम्ही सात जणांनी नमुना ४ भरला, म्हणजे कामाची मागणी. अर्ज घेतला पण तारखेची पोच देईनात. "पोच कशाला, काम निघालं की सांगतो की". पोचेचं महत्त्व तेव्हा मला माहीत नव्हतं, नंतर कळलं की त्या तारखेपासून १५ दिवस मोजतात, तेवढ्यात काम मिळालं नाही तर बेकार भत्ता लागू होतो, म्हणून तर पोच देत नाहीत. आणि पोच नाही म्हणजे रेकॉर्डला मागणीच नाही, मग वर कळवायला मोकळे की गावात कोणाला काम नकोय. मेसेजमधला पाचवा मुद्दा कुठून जन्माला येतो ते इथे दिसतं. सरपंचाने एवढं जरी ठरवलं की माझ्या ऑफिसात प्रत्येक अर्जाला पोच मिळणार, तरी त्याला ना निधी लागतो ना मंत्रालयाची परवानगी.

आता नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ च्या सुमाराला सरपंच झाले, शिकलेले, एम.कॉम., गावातल्या पोरांनीच गळ घातली आणि बिनविरोध निवडून आणलं. तेव्हा ते गाव म्हणजे सरकारी माणसाला शिक्षेची बदली, पाऊस कमी, दारू, माणसं पुण्या-मुंबईला कामाला. तिथे रोजगार कसा आला हे लोक विसरतात, कारखाना आणला नाही कोणी. समतल चर म्हणजे उतारावर पाणी अडवणारे आडवे चर, बंधारे, झाडं, आणि ही कामं रोजगार हमीच्या आणि आदर्श गाव योजनेच्या पैशातून, वर श्रमदान. मग नियम केले, शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. पाणी टिकलं तसा चारा आला, चारा आला तसं दूध वाढलं, कांदा-भाजीपाला आला, गेलेली कुटुंबं परत आली. १९९५ ला दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबं होती, २०१० ला तीन राहिली. यातलं ऊसबंदीचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण त्यात मतं जातात, पैसा कितीही ओता ते विकत घेता येत नाही. मला वाटतं बाकीच्या गावांचं गाडं तिथेच अडतं.

"तसा माणूस एखादाच" म्हणता तर गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा, तिथे एका नेत्यावर गाडी चालतच नाही, ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. २००९ ला त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना, तो शेवटी २०११ ला ग्रामसभेच्या हातात आला, केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. त्यानंतर बांबू तोडीची मजुरी गावातल्या माणसाला आणि विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात. हक्क मागायला गावाने किती वर्षं घालवली बघा, आणि आपण ग्रामसभेला कोरम होत नाही म्हणून घरी जातो.

एमआयडीसीबद्दल फार लिहीत नाही. एमआयडीसी यावी, मलाही हवीये, पण ती राज्याच्या हातात, प्रत्येक तालुक्याला ती येणार नाही आणि आली तरी पोरं ठेकेदाराकडेच लागतात बहुतेक. ती येईपर्यंत हात बांधून बसायचं का? नगरपालिकांनाही हेच लागू आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका कुंड्या उपसत होत्या, त्यांच्या संघटनेने स्वच्छ ही सहकारी संस्था उभी केली आणि महापालिकेने २००८ ला तिच्याशी करार केला, आता हजारो जणी घरोघर कचरा घेतात, फी मिळते, ओळखपत्र मिळतं. एका ठेकेदाराला सगळा कचरा देऊन टाकता आला असता, सभागृहाने तसं केलं नाही तेव्हा.

राहिलं पोरांना काम नको. २०२३ ची तलाठी भरती, जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या वर, खुल्या गटाला फी एक हजार रुपये, मजुराच्या घरातनं तो हजार कसा निघतो ते ज्याने भरलाय त्याला विचारा. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा, पोरांनी ऑफिसात सहा महिने काम केलं, आंदोलनं झाल्यावर मुदत पाच महिने वाढली, आणि नंतर पुढे काय विचारायला पुन्हा रस्त्यावर बसायची वेळ आली. काम नको असलेली माणसं कायम करा म्हणून उपोषणाला बसत नसतात. आमच्या शेजारचा पोरगा त्याच योजनेत होता, पंचायतीचे सगळे ऑनलाईन दाखले तोच काढायचा, आता तो गेलाय आणि दाखल्याला पुन्हा तालुक्याला जावं लागतं.

चुलतभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तो म्हणाला मग पुढच्या ग्रामसभेला काय विचारायचं ते सांग. मी तीन गोष्टी लिहून पाठवल्यात, गाळ्यांची यादी भाड्यासकट फळ्यावर लावा, गेल्या वर्षी नमुना ४ किती आले आणि पोच किती दिल्या ते वाचून दाखवा, आणि तळ्याचा ठेका संपतोय तो पोरांच्या गटाला देण्याचा ठराव विषयपत्रिकेवर घ्या. तो येतोय, आणि त्या सातातले पाच जण येतायत.