झोपायची वेळ धरायची की उठायची?

उन्हाळी सुट्टीचे शेवटचे आठ दिवस उरले की आमचा कट्टा विरळ होतो. लहान मुलांचे आईबाप आले तरी एक पाय घराकडेच असतो. काल जुळ्यांचा बाप आला तो धुमसतच.

"नऊ वाजता दिवे घालवले. अकरा वाजता दोघं पलंगावर उड्या मारतायत! मी ओरडलो. एक रडलं म्हणून दुसरं रडलं, आणि शेवटी त्यांची आईही."

मास्तरांनी लगेच निकाल दिला. "सुट्टीभर शिस्त सोडलीत, आता शाळेच्या तोंडावर कशी सापडेल?"

"साडेचार वर्षांची आहेत हो मास्तर!" वहिनी उसळल्या. "सुट्टीतही घड्याळ लावायचं का त्यांना?"

इथे मला राहवलं नाही, कारण ही चूक मी गेल्या वर्षी केली आहे. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, सुट्टीत अकराला झोपायचा. शाळेच्या आदल्या रात्री मी त्याला नऊलाच आडवा केला. तासभर अंधारात पडून तो म्हणाला, "बाबा, मला झोप येतच नाहीये. मी काय करू?" त्याचा आवाज अगदी खरा होता. तो हट्ट करत नव्हता. त्याला जमत नव्हतं.

नंतर कारण कळलं. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोनेक तास शरीर सर्वांत जास्त जागं असतं. नेमकं तेव्हाच मुलाला झोपवायला गेलं, की मूलही दमतं आणि आपणही. झोप मागून ओढता येत नाही, ती सकाळकडून सरकवावी लागते. दर एक-दोन दिवसांनी पंधरा मिनिटं लवकर उठवायचं, उठल्यावर उजेडात न्यायचं. रात्र मागोमाग येते, तिला थोडे दिवस लागतात.

"आणि रात्री?" जुळ्यांच्या बापाने विचारलं.

रात्री उजेड कमी. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक छोटा प्रयोग मी वाचला होता. झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळलेल्या मुलांच्या शरीरात मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, सरासरी ८८ टक्क्यांनी घटलं होतं. मुलं होती जेमतेम दहा, पण त्या दिवसापासून आमच्याकडे जेवणं झाली की मोठे दिवे बंद.

मास्तर ऐकत होते, पण हटले नाहीत. "म्हणजे शेवटी वेळापत्रकच की!"

"वेळापत्रकच," मी म्हणालो. "फक्त ते ओरडून लागत नाही." झोप तर मुलांना लागतेच. तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची धरून दहा ते तेरा तास, आणि सहाच्या पुढच्यांना नऊ ते बारा. सकाळी शाळेसाठी ओढून उठवलेल्या मुलाचे त्यातले दीड-दोन तास कापले जातात, आणि मग संध्याकाळी पेन्सिल मोडली म्हणून अर्धा तास आकांत होतो. त्या आकांताला आपण लाड म्हणतो, याचा मला राग आहे.

वहिनी मात्र गप्प झाल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमची झोपते वेळेवर. पण आठवडाभर पुन्हा अंथरूण ओलं करतेय. वर्षभर बंद होतं सगळं. नवा वर्ग, नव्या बाई. दिवसभर माझा पदर सोडत नाही."

कोणी काही बोलेना. मुलं ताणात असली की सुटलेल्या सवयी परत येतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण ज्या आईच्या घरात रोज सकाळी चादर बदलली जाते, तिला माहितीने काय होणार? पोरीला रागावू नका एवढंच मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "नाही रागावत. दमते."

मग मास्तर बोलले, आणि या वेळी निकाल दिल्यासारखं नाही. वर्षानुवर्षं पहिलीचे वर्ग घेतलेला माणूस. "दिवसभर वर्गात शहाण्यासारखं बसलेलं पोर दारात आई दिसली की भोकाड पसरतं. मला वाटायचं, आई बिघडवते. तसं नसतं. दिवसभर धरून ठेवलेलं ते तिच्यापाशी सोडतं. पण एक सांगतो सूनबाई, सोडायला याल तेव्हा रेंगाळू नका. खिडकीतून डोकावू नका. आणि न सांगता सटकू तर अजिबात नका. 'शाळा सुटली की मी इथेच उभी असेन' म्हणा, आणि खरंच उभ्या राहा."

वहिनींना ते पटलं नाही. पहिले दोन दिवस तरी आईने थांबावं, असं त्यांचं म्हणणं. मला मास्तरांचं पटतं. लांबलेल्या निरोपाने मुलाला वाटतं, आईलाही भीती वाटतेय.

बुटांचा विषय निघाला तो दोन वाक्यांत संपला. सुट्टीत पाय वाढलेला असतो, आजच घालून बघा, पुढे सेंटिमीटरभर जागा हवी.

"मग आज रात्री काय करू?" जुळ्यांच्या बापाचा प्रश्न तसाच होता.

"आज जबरदस्ती करू नकोस. उद्या सकाळी थोडं आधी पडदे उघड."

"आणि दुपारी झोपू देऊ नकोस," वहिनी म्हणाल्या.

"साडेचार वर्षांच्या पोरांना दुपारची झोप तोडायची? संध्याकाळी घर डोक्यावर घेतील!" मास्तर पुन्हा तापले, वहिनींनी पदर खोचला, आणि दोघांचं नव्याने सुरू झालं.

जुळ्यांचा बाप तोवर उठून चालूही लागला होता. आठ वाजत आले होते, त्याला घरातले दिवे मंद करायचे होते.