२५२० : गूढ कसलं, साधा लसावि

२२ डिसेंबर, म्हणजे राष्ट्रीय गणित दिवस, जवळ आला की व्हॉट्सॲपवर २५२० परत उगवते. मेसेजचं म्हणणं असं: एक ते दहा या सगळ्या अंकांनी निःशेष भाग जाणारी ही एकमेव संख्या; ती रामानुजन यांनी शोधली; आणि गूढ असं की ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०.

‘एकमेव’ तर सरळच चूक. ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२० ची कुठलीही पट घ्या. २५२० फक्त सर्वांत लहान. ती सापडते कशी? २ ला ३ ने गुणलं की ६. ४ साठी आणखी एक २ हवा: १२. ५ घातला, ६०. सहाचं काम आधीच झालंय. ७ घातला, ४२०. ८ साठी अजून एक २, ९ साठी अजून एक ३: २५२०. दहाला वेगळं काही लागत नाही. शाळेतला लसावि तो हाच. असंच वीसपर्यंत गेलात तर २३,२७,९२,५६० येते. तिचा मेसेज मात्र कोणी करत नाही.

वार-महिन्यांचं म्हणाल तर ३० × १२ = ३६०, आणि तिला एक ते दहापैकी फक्त सातने भाग जात नाही; तो सात वारांनी पुरवला. (वर्ष ३६० दिवसांचं कधी झालं, ते सोडा.) मी म्हणतो, सात वार × आठ प्रहर × नऊ ग्रह × पंचमहाभूतं, किंवा सहा ऋतू × सात वार × साठ संवत्सरं. करा गुणाकार, २५२०च!

राहिले रामानुजन. लसावि युक्लिडच्या काळापासून माहीत आहे, आणि ५०४० ला एक ते दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो हे प्लेटोनेही नोंदवलंय. रामानुजन यांचं खरं काम १९१५ च्या निबंधात आहे: आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या. २५२० त्यातलीच, विभाजक ४८. पण तिथे ती यादीतली एक, बस्स. यादी जाते थेट ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत, विभाजक १०,०८०, आणि तीही संगणक नसताना. एवढ्या यादीत २,९३,३१,८६,२५,६०० ही एक संख्या त्यांच्या नजरेतून सुटली. तिला २३ ने गुणून पाहा: यादीतली शेवटची संख्या येते.