लंडन मुंबईकडे सरकत येत नाही हो मामा

फॅमिली ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज. "मुंबईहून लंडनला जाताना विमानाला फक्त 4 तास लागतात, येताना साडेचौदा, कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, जाताना लंडनच तुमच्याकडे येत असतं आणि येताना मुंबई पुढे पळते. खात्री नसेल तर तिकीट बघा. शिवाय कंपन्या जास्त पैशांसाठी वाकड्या रस्त्याने नेतात." मामांनी टाकलाय म्हणून दोनदा गप्प बसलो, आता राहवत नाही.

आधी तिकीट. दुपारी 1 ला निघालं आणि संध्याकाळी 5 ला उतरलं हे खरं, पण तो 1 मुंबईचा आणि ते 5 लंडनचे. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. चारात साडेपाच मिळवा, झाले साडेनऊ. येताना रात्री 9 ला निघून सकाळी साडेअकराला पोचलात तर त्या साडेचौदातून साडेपाच वजा करा, उरले 9. चौथीचं गणित आहे.

आता पृथ्वी फिरण्याचं. फिरते ना, मुंबईच्या अक्षांशावर ताशी जवळपास 1580 किलोमीटरने! पण हवा पण सोबतच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. डेक्कन क्वीनच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर जाऊन आपटते का? आणि मेसेजवाल्याचं खरं धरलं तर मजा बघा, विमान 900 ने येणार, मुंबई 1580 ने पळणार, म्हणजे ते साडेचौदा तासांत सोडाच, कधीच पोचणार नाही, सांताक्रूझला आलेली माणसं हार घेऊन जन्मभर उभी.

जाताना-येताना फरक पडतो, पण उलटा! लंडनला जायलाच जास्त वेळ लागतो. 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना, हिवाळ्यात फारच जोरात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान याच वाऱ्यावर न्यूयॉर्कहून लंडनला 5 तासांच्या आत पोचलं होतं, एरवी साडेसहाच्या आसपास लागतात.

राहिला वाकडा रस्ता. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सिरिया-तुर्कस्तानच्या सीमेजवळून जाते, पण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल, घरात मुलांचा ग्लोब असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा, दोरा वर सरकतो आणि बरोबर मध्यावर जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या आसपास येतो. तोच सगळ्यात जवळचा रस्ता, साधारण 7200 किलोमीटर. विमान तंतोतंत त्यावरून जात नाही हे कबूल, वारा बघावा लागतो, युद्ध चालू असलेले देश टाळावे लागतात, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केल्यावर त्यांना वळसा पडला, मुंबईपेक्षा दिल्लीवाल्यांना जास्त. पण वळसा म्हणजे जास्त इंधन, ते कंपनीच्याच खिशातून जाळलं जातं, हौस म्हणून कोण घेईल?

मामा, राग मानू नका, पण तो हात जोडलेला इमोजी तेवढा काढा.