‘ब्लॉक-पिस्टन टाका, इंजिन नवं’: या फिरत्या सल्ल्यातलं काय चुकीचं आहे

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांची आवड असलेल्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘टू-स्ट्रोकमध्ये असतं काय? ब्लॉक-पिस्टन टाका, खालचं खोलू नका. पेट्रोलमध्ये ऑइल सढळ हाताने घाला. फिल्टर काढा, पिकअप वाढतो. केसिंग ब्लास्टिंग करून सिल्व्हर मारा, शोरूम फिनिश. आणि पहिले हजार किलोमीटर टॉप गिअरमध्ये चाळीसच्या आत ठेवा.’

आरएक्स १००, शोगन, राजदूत अशा जुन्या मोटरसायकली विकत घेऊन मुरमाच्या ट्रॅकवर नाहीतर शेताच्या वाटांवर पळवण्यासाठी बांधणारी बरीच पोरं मराठवाड्यात आहेत. हा सल्ला ऐकून बांधलेलं इंजिन परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, पारा ४२ च्या वर असताना, जाम व्हायला वेळ लागत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘खालचं खोलू नका.’ या मजकुरातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँक ज्यात फिरतो ती खालची केसिंग) फक्त ऑइलचं घर असतं. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग ट्रान्सफर पोर्टमधून वर जातं. म्हणजे क्रँककेस हेच अर्धं इंजिन, आणि ते हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांचे दोन ऑइल सील. वीस-तीस वर्षांत त्यांचं रबर कडक होतं. मॅग्नेटकडचा (वीज तयार करणाऱ्या चाकाकडचा) सील गेला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि नव्या ब्लॉकला (सिलेंडरला) घासतो. क्लचकडचा गेला की गिअर ऑइल आत ओढलं जातं: पांढरा धूर सुटतो आणि बाहेर कुठे गळती नसताना ऑइल कमी होत जातं. अशा इंजिनवर नवा पिस्टन चढवणं म्हणजे तोही खराब करणं.

हवा गळते की नाही हे घरी तपासता येतं. मेडिकलमधून हाताने फुगवायचं, काट्याच्या घड्याळाचं बीपी मशीन आणा. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर काढून दोन्ही तोंडं रबरी बुचांनी पक्की बंद करा, पिस्टन सगळ्यात खाली आणा आणि प्लगच्या भोकात नळी हवाबंद बसवा. काटा ३०० पर्यंत न्या, म्हणजे साधारण ०.४ बार. त्याच्या वर नेऊ नका, चांगले सीलही उलटतात. एक मिनिट थांबा. काटा ५० पेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: आधी स्वतःची बुचं, मग ब्लॉकचं पॅकिंग, मग मॅग्नेट काढून त्यामागचा सील. बाहेर कुठेच बुडबुडा दिसत नसेल तर क्लचकडच्या सीलवर संशय घ्या.

इंजिन खोलल्यावर कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. मोठ्या टोकाला त्या दिशेने जाणवण्याइतका खेळ असेल तर रॉड किट बदलायलाच हवं. आडवा थोडा खेळ असायचाच. क्रँक प्रेसमध्ये बसवलेला असतो, त्यामुळे किट टाकल्यावर तो डायल गेज लावून सरळ करून देणारा लेथवाला शोधा. ०.०३ मिमीपेक्षा जास्त रनआउट (फिरताना डगमग) असेल तर परत घेऊ नका. मॅग्नेट पुलरनेच काढा. टोकावर हातोडा मारला की सरळ केलेला क्रँक पुन्हा वाकडा. बेअरिंग बसवतानाही ठोकाठोक नको: केसिंग पाण्याचा थेंब चर्र होईल इतकं तापवा, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हाताने आत जातं. दोन केसिंगच्या जोडावर साधा सिलिकॉन लावू नका. पेट्रोलने तो फुगतो, सुटतो आणि आतल्या मार्गात अडकतो. पेट्रोल सोसणारा सीलंटच हवा, तोही पातळ.

‘ब्लॉक-पिस्टन टाका’ हा सल्ला अर्धा बरोबर आहे, पण मोजमापाशिवाय त्याला अर्थ नाही. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजा. वर-खाली ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगा टाकून भागत नाही, पुढच्या मापाचा पिस्टन (०.२५, ०.५० असे टप्पे) आणून त्याच्या मापाने बोअर करावा लागतो. आधी पिस्टन, मग बोअर, उलट नाही. पिस्टन आणि बोअरमधला गॅप पिस्टनच्या खोक्यावर लिहिलेला असतो, बहुतेक ०.०४ मिमीच्या आसपास. ‘जरा सैल ठेव, जाम होणार नाही’ असं सांगून घेतलेल्या इंजिनचा पिस्टन थोड्याच दिवसांत खडखडतो.

बोअरिंगनंतर पोर्टच्या कडा धारदार राहतात आणि त्यावर रिंग अडकून तुटते, म्हणून कडा बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्या. होनिंगची (बोअर दगडाने घासल्याची) भुकटी पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग ऑइल लावून पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवर, सर्क्लिप नवीनच आणि तिचं तोंड वर किंवा खाली.

‘ऑइल सढळ हाताने.’ नाही. कार्ब्युरेटरच्या जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) ठरावीक मिश्रणच जातं; त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. शिवाय काजळी एक्झॉस्ट पोर्टवर आणि रिंगांच्या खाचांत बसते, रिंगा चिकटतात, प्लग ओला होतो. १:४० म्हणजे लिटरला २५ मिली, १:२० म्हणजे ५० मिली. कंपनीने सांगितलेलं प्रमाण मोजून घाला, आणि ऑइल टू-स्ट्रोकचंच. ऑइल पंपाची गाडी (वेगळ्या टाकीतलं ऑइल आपोआप मिसळणारी) असेल तर नळीतली हवा काढल्याशिवाय पहिली किक मारू नका. पहिली टाकी पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळून चालवलेली बरी.

‘फिल्टर काढा.’ काळ्या मातीची वाळलेली धूळ पिठासारखी बारीक असते. ती क्रँककेसमधूनच जाते, त्यामुळे आधी मोठ्या टोकाचं बेअरिंग खाते आणि मग रिंगा. फोमचा फिल्टर साबणाने धुवा, वाळवा, फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळा. धुळीत चालवली की हे दरवेळी. सायलेन्सरची जाळीही काढायची नसते, काजळी जाळून साफ करायची असते.

‘ब्लास्टिंग आणि सिल्व्हर.’ वाळूचे कण बेअरिंगच्या खोबणीत आणि ऑइलच्या भोकांत घुसतात आणि बांधल्यावर बाहेर येतात. वाळूची धूळ माणसाच्या फुफ्फुसालाही घातक. केसिंग रॉकेल-ब्रशने धुऊन, बाहेरूनच घासून भरपूर चांगलं निघतं. ब्लास्टिंग करायचंच असेल तर प्रत्येक भोक बुजवा आणि नंतर गरम पाण्याने धुऊन हवा मारा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, तो फक्त लोखंडी सायलेन्सरसाठी, आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही. साधा सिल्व्हर पेट्रोलचा ओघळ आला की उठतो. उष्णता सोसणारा रंग, दोन पातळ हात, डब्यावर लिहिलेल्या तापमानाला पक्का करून. जोडाच्या कडा आणि आटे टेपने झाका. ब्लॉकच्या पंख्यांवर जाड थर दिलात तर उष्णता आतच राहते.

‘हजार किलोमीटर चाळीसच्या आत.’ टॉप गिअरमध्ये रेटत नेलेलं इंजिन गुदमरतं आणि रिंगा बसत नाहीत. दोन-तीनदा गरम करून पूर्ण गार करा, हेडचे नट तपासा, मग पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, कमी-जास्त करत, योग्य गिअरमध्ये चालवा. कन्नडचा औट्रम घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी अडवू नका: पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनला तेव्हा ऑइलच मिळत नाही. अधूनमधून थ्रॉटल द्या.

आणि एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच. आता पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल या गाड्यांना मिश्रण पातळ देतं. मेन जेट एक पायरी मोठा लावून प्लगचा रंग बघा: विटकरी-चॉकलेटी हवा, पांढरा दिसला तर थांबा. इथेनॉल जुन्या नळ्या आणि रबर खराब करतं, ते बदला. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.