कर्नल घाबरतात तेव्हा

चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे आंब्याच्या पेट्यांचा हिशेब रोज संध्याकाळी लिहावाच लागतो अशा दिवसांत, माझ्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ येऊन थबकली आणि मी ती सवयीप्रमाणे मोठ्याने वाचली : ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग.’ पडवीत वर्तमानपत्र चाळत बसलेले शेजारचे सुभेदार ताडकन उठून आत आले. पायदळात उभी हयात काढून गुहागरला परतलेल्या या गृहस्थांना ‘कर्नल’ आणि ‘पॅनिक’ हे दोन शब्द एका वाक्यात ऐकणे सहन होण्यासारखे नव्हते.

“मास्तर, हा कर्नल कुठल्या पलटणीतला?” त्यांनी विचारले. “आमच्या वेळी कर्नल घाबरत नसत. त्यासाठी खाली आम्ही होतो.”

हा कर्नल सैन्यातला नसून संगणकातला आहे, हे त्यांना पटवण्यात माझा अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात कर्नलही काही सावरले नाहीत.

मूळ दोष पुण्याच्या भाच्याचा. माझ्या जुन्या लॅपटॉपला सुरू होण्यासाठी गणपतीत मुंबईहून निघालेल्या गाडीला चिपळूण गाठायला लागतो तेवढा वेळ लागू लागला, तेव्हा त्याने एका सुट्टीत त्यावरची जुनी प्रणाली पुसली, लिनक्स या संगणक-प्रणालीचा डेबियन नावाचा अवतार बसवला आणि मला तीन आश्वासने दिली : “मामा, याला पैसे पडत नाहीत, याला व्हायरस लागत नाही आणि हे कधी बंद पडत नाही.” त्यांतले पहिले आश्वासन आजतागायत खरे ठरले आहे.

कर्नल म्हणजे गाभा. स्मृती कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोणी लिहायचे, कळफलकावरची कळ कोणाच्या कानावर घालायची, हे सगळे व्यवहार त्याच्या हातून होतात. आमच्या भाषेत सांगायचे तर ती फळातली कोय. सालीला डाग पडला तर तेवढा भाग कापून खाता येतो. कोयीत सोंडकिडा असेल तर मात्र वरून फळ केशरी आणि घमघमणारे दिसत असतानाही आत काय चालले आहे ते कापेपर्यंत कळत नाही. ही तुलना मला सुचली त्याबद्दल मी स्वतःवर खूष होतो, पण भाच्याने फोनवरून ती मध्येच तोडली आणि विचारले, “मामा, काल अपडेट चालू असताना वीज गेली होती का?”

गेली होती. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निवर्तली असल्यामुळे तो भिंतीतल्या विजेवर जगतो, आणि आमच्याकडची वीज स्वतःच्या मर्जीवर. नवा कर्नल डिस्कवर उतरला होता, पण यंत्र सुरू होताना त्याला मूळ डिस्क शोधून देणारी शिदोरीची फाईल तयार होण्याच्या आधीच अंधार झाला. सकाळी कर्नलसाहेब जागे झाले, त्यांना स्वतःचे घर सापडेना आणि ते घाबरले. खरे म्हणजे त्यांच्या जागी मीही घाबरलो असतो. सुदैवाने डेबियन जुना कर्नल लगेच टाकून देत नाही. सुरुवातीच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ नावाची एक ओळ असते आणि तिच्या आत मागच्या खेपेचा कर्नल, सेवानिवृत्त पण खणखणीत, बोलावण्याची वाट पाहत बसलेला असतो. त्याला बोलावले आणि त्या दिवशीच्या बेचाळीस पेट्यांचा हिशेब पुरा झाला. सुभेदारांना ही व्यवस्था फार आवडली.

“मग जुन्यावरच राहू या की,” मी भाच्याला म्हणालो. माझ्या मते हा संभाषणाचा शेवट होता. प्रत्यक्षात ती माझ्या हालांची सुरुवात ठरली, कारण जुन्या कर्नलच्या सुरक्षेत एक भोक होते आणि ते बुजवण्यासाठीच नवा आला होता.

या भोकांचा इतिहास त्याने मला ऐकवला, तेव्हा मला पहिल्यांदा त्या यंत्राविषयी जिव्हाळा वाटला, कारण तो इतिहास थेट आमच्या तलाठी कार्यालयातला वाटत होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ म्हणजे मळकी गाय या नावाचा एक दोष उघडकीस आला. त्यातली गाय म्हणजे ‘कॉपी ऑन राईट’ या तीन शब्दांची आद्याक्षरे. समजा, दहा भाऊबंदांच्या सामाईक जमिनीचा एकच सातबारा आहे. नुसता वाचायचा असेल तर सगळ्यांनी तोच वाचावा, कागद वाचतो. कोणाला त्यावर काही खरडायचे असेल तर कारकुनाने त्याला झेरॉक्स काढून द्यावी आणि त्याने हवे ते त्या प्रतीवर खरडावे, मूळ उतारा सुरक्षित. कर्नल स्मृतीच्या पानांच्या बाबतीत नेमके हेच करतो. पण कारकून प्रत हातात घेऊन वळतो न वळतो तोच ‘ही प्रत नको, फेकून द्या’ असे कोणी म्हटले आणि त्याच क्षणी दुसऱ्याने लेखणी चालवली, तर त्या गडबडीत लेखणी मूळ उताऱ्यावर उठते. एकदा जमले नाही तर हजारदा करून पाहायचे; यंत्राला कंटाळा नसतो. ज्याला फक्त वाचण्याची परवानगी होती, तो अशा रीतीने घराच्या किल्ल्यांचा जुडगाच कमरेला लावून फिरू लागतो. ही युक्ती मी आमच्या वाडीत कोणाला सांगितलेली नाही. आमचे चुलत घराणे तीन पिढ्या नेमक्या याच क्षणाच्या शोधात आहे.

त्याहून मौजेचा भाग असा की हे भोक २००७ पासून उघडे होते, आणि त्यामागची मूळ फट लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याही आधी, २००५ मध्ये, स्वतःच बुजवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर वाईट रीतीने. ती दुरुस्ती दुसऱ्या एका जातीच्या मोठ्या यंत्रांवर नडली म्हणून काढून घेतली गेली आणि फट राहिली. २००७ हे साल मला दुसऱ्याच कारणाने आठवते. त्या वर्षी अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले, तेही कोयीतल्या सोंडकिड्याच्या धास्तीने, फळांवर गॅमा किरणांचा मारा करण्याच्या अटीवर. इकडे लासलगावच्या केंद्रात आमच्या कोयी किरणांत न्हाऊन निघत होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात तिकडे संगणकाच्या कोयीत जो किडा शिरला, तो नऊ वर्षे कोणाच्या नजरेस पडला नाही.

वास्तविक लिनक्सचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, आणि पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष लपत नाही, अशी त्या मंडळींची जुनी श्रद्धा आहे. मी कोकणात राहतो, त्यामुळे पुष्कळ डोळ्यांची ताकद आणि मर्यादा मला ठाऊक आहेत. माझ्याकडे पाहुणा आला तर तो एसटीतून उतरण्याआधी त्याचे गोत्र वाडीत पोहोचते. नाक्यावरचा दिवा मात्र दोन वर्षे बंद आहे आणि तो बंद आहे असे एकालाही दिसलेले नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये अशीच ‘डर्टी पाईप’ निघाली. माक्स केलरमान या गृहस्थाला कोणी चोर पकडायचा नव्हता. एका ग्राहकाच्या नोंदींच्या फायली अधूनमधून शेवटी बिघडलेल्या निघत, एवढीच तक्रार होती आणि तिचा माग काढत तो कर्नलपर्यंत पोहोचला. निघाले ते असे की स्मृतीतली मजकूर वाहणारी, रिकामी झालेली खोकी पुन्हा वापरताना त्यांच्यावरची जुनी चिठ्ठी खरवडलेलीच नव्हती. ज्याने एकदा तरी जुन्या पेटीवर गेल्या वर्षीच्या दलालाचा नंबर तसाच राहू दिला आहे आणि मग वाशीच्या बाजारात आपला माल दुसऱ्याच्या खात्यावर चढलेला पाहिला आहे, त्याला ही चूक समजावून सांगावी लागत नाही.

“पण मामा, यासाठी हल्लेखोर आधी आत शिरलेला असावा लागतो,” भाचा दिलासा देत म्हणाला. पेट्या मोजायला येणाऱ्या पोऱ्याला मी याच यंत्रावर वेगळे खाते उघडून दिले आहे, हे त्या क्षणी मला आठवले. पडवीपर्यंत आलेला माणूस देवघरात पोहोचू शकतो, असा त्याचा अर्थ. तो पोरगा गुणी आहे, आणि तरीही त्या रात्री मी त्याच्याकडे जरा निरखून पाहिले, याची मला अजून लाज वाटते.

तेव्हा नवा कर्नल नीट बसवला. भोक बुजले आणि यंत्राने डोळे उघडणे बंद केले. झाकण मिटले की लॅपटॉप झोपायचा, ते ठीक. पण झाकण उघडले की पडदा काळाच आणि कॅप्स लॉकचा दिवा जयगडच्या दीपगृहासारखा लुकलुकत राहायचा. कर्नल घाबरला आणि पडद्यावर लिहिण्याचीही सोय उरली नाही तर तो असा दिव्याने खुणावतो. जुना कर्नल नीट जागा व्हायचा. म्हणजे आता माझ्याकडे दोन कर्नल होते : एकाचे दार लागत नव्हते आणि दुसऱ्याचे उघडत नव्हते.

दोष शोधणे कठीण का असते, हे आमच्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. कौल फुटते कोन्याला, पाणी वाशावरून सरपटत जाते आणि ठिबकते ते बरोबर माझ्या उशीवर. उशीच्या वरचे कौल बदलणारा गवंडी पैसे घेऊन जातो आणि ठिबक तशीच राहते. कर्नलमध्येही एखादे उपकरण चालवणारा एक चालक स्मृतीच्या चुकीच्या जागी खरडून निघून जातो आणि कोसळतो तो भलताच भाग, तोही तासाभराने. शिवाय माझ्या यंत्रातल्या वायफायचा चालक बंदिस्त परवान्याचा, म्हणजे आपला मूळ मजकूर कोणाला न दाखवणारा, निघाला, त्यामुळे नोंदींत कर्नलने स्वतःला ‘टेंटेड’, म्हणजे बाटलेला, असे जाहीर केले होते, आणि अशा कर्नलची तक्रार तिकडचे जाणकार सहसा मनावर घेत नाहीत. माझ्या आजीचे सोवळे इतके कडक नव्हते. ती निदान आंघोळ करून परत येऊ द्यायची.

दुरुस्तीची वाट पाहावी तर दुरुस्तीचाही भरवसा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनची १२.३ ही आवृत्ती निघता निघता थांबवावी लागली, कारण तिच्यातला ६.१.६४ हा कर्नल ईएक्सटी४ पद्धतीच्या डिस्कवरचा मजकूर बिघडवू शकत होता. १० डिसेंबरला थेट १२.४ आली. कारण वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. नव्या कर्नलमधली एक दुरुस्ती जुन्यात आणली होती, पण तिच्या जोडीने लागणारी दुसरी आणायची राहिली होती. आमच्या विहिरीवर पंप दुरुस्त करणारा नेहमी असाच येतो.

फेब्रुवारी २०२४ पासून तर सुरक्षादोषांना क्रमांक देण्याचे काम कर्नलच्या मंडळींनी स्वतःकडे घेतले आहे. गाभ्यातला जवळजवळ कोणताही दोष कोणीतरी शस्त्र म्हणून वापरू शकतो, अशी त्यांची भूमिका असल्यामुळे क्रमांक हजारोंनी निघतात. २०२४ च्या ६.१२ या कर्नलला तर घाबरताना पडद्यावर क्यूआर कोड काढण्याचीही सोय आहे, असे भाच्याने सांगितले, तेव्हा सुभेदारांनी काळजीने विचारले, “किती भरायचे?”

आता ही बघा, आजची संध्याकाळ. झाकणाचा दोष दूर झाल्याचे सांगणारा अपडेट कोपऱ्यात येऊन बसला आहे, आणि दापोलीच्या बाजूला आभाळ भरून आले आहे. दिवा दोनदा मिणमिणला. आतून हिने हाक मारली, “अहो, मी मिक्सर लावू का?” मी नको म्हणालो, तेही अशा आवाजात की ती बाहेर येऊन माझ्याकडे बघून गेली. सुभेदारांनी परिस्थितीचा अंदाज घेतला, टोपी नीट केली, आणि ओटीवरच्या मीटरखाली पाय जुळवून उभे राहिले.

“तुम्ही बटण दाबा, मास्तर,” ते म्हणाले. “इकडे मी आहे. कर्नलसाहेब घाबरले तर फक्त हाक मारा.”