फोरम आपोआप संपले नाहीत

ऑनलाइन चर्चामंचांविषयी एक विधान सध्या सर्रास फिरते आहे: समाजमाध्यमांवर तेच सोयीने मिळू लागल्यामुळे लोकांनी फोरम स्वतःहून सोडले, आणि आता एआय आल्यावर त्यांची गरजही उरली नाही. या विधानातला एकही भाग जसाच्या तसा मान्य करता येत नाही.

लोक स्वतःहून गेले, हे अर्धसत्य आहे. स्मार्टफोन हाती आल्यावर अनेक जण फेसबुककडे वळले, हे खरे. परंतु चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपले चर्चामंच बंद केले तेव्हा तिथे लोक लिहीत होते, आणि त्यांना जेमतेम दोन-अडीच आठवड्यांची मुदत मिळाली. याहू ग्रुप्स या गटचर्चांच्या सेवेवरचा वर्षानुवर्षांचा मजकूर २०१९ च्या अखेरीस काढून टाकण्याचा निर्णयही मालक कंपनीचाच होता.

‘तेच’ मिळते, हा दावा सर्वांत कच्चा आहे. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे तो संगणकाला जोडणारे सॉफ्टवेअर, नव्या संगणकावर कसा चालवायचा, असा प्रश्न घ्या. फोरमवर त्याचा स्वतंत्र धागा, म्हणजे एका प्रश्नाखाली जमणारी उत्तरांची मालिका, निघतो, पहिले उत्तर चुकते, दुसरा सदस्य ते दुरुस्त करतो, आणि चार वर्षांनी आलेला तिसरा कोणी नव्या आवृत्तीत कोणती सेटिंग बदलावी लागते तेवढे खाली जोडतो. धागा पुन्हा वर येतो आणि सर्च इंजिनलाही सापडतो. व्हॉट्सअ‍ॅप गटात किंवा डिस्कॉर्ड या गटगप्पांच्या अ‍ॅपवर तेच उत्तर संध्याकाळपर्यंत इतर संदेशांखाली गाडले जाते, बाहेरून शोधणाऱ्याला दिसतच नाही, आणि महिन्याभराने कोणीतरी तोच प्रश्न नव्याने विचारतो. डिस्कॉर्डलाच २०२२ मध्ये फोरमसारखी वेगळी चॅनेल सुरू करावी लागली, ती गरज शिल्लक होती म्हणूनच.

एआयच्या मुद्द्यावर तर खरी काळजी वाटते. ही मॉडेल्स ज्या मजकुरावर घडली त्यात अशा मंचांवरची प्रश्नोत्तरेही आहेत. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरचा मजकूर मिळवण्यासाठी गूगलने २०२४ मध्ये करार केला तो उगाच नव्हे. दुसरीकडे, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या २०२२ च्या अखेरीपासून झपाट्याने घटली आहे. नव्या उपकरणातला दोष ते वापरणाऱ्यालाच आधी कळतो, आणि त्याने तो उघड्यावर कुठे लिहिलाच नाही, तर मॉडेलकडे त्याचे उत्तर येण्याचा मार्गही उरत नाही.