काढा काळा झाला म्हणजे रक्त वाढलं असं नाही

"हिरड्याची पूड रात्रभर लोखंडी कढईत भिजवा, सकाळी उकळून प्या. काढा काळाकुट्ट झाला की समजा लोह उतरलं. 21 दिवसांत रक्त भरतं, गोळ्यांची गरज नाही, गरोदर बायकांनाही चालतं. आयुर्वेदात लिहिलंय." हा मेसेज नुसता फिरत राहिला असता, तर माझं काही जात नव्हतं. पण आत्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि सातव्या महिन्यातल्या चुलतबहिणीने लोहाची गोळी बंद केली.

आधी तो काळा रंग. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, भरपूर: चेब्युलिनिक आम्ल, चेब्युलॅजिक आम्ल, शिवाय गॅलिक आम्ल. त्यांची लोहाशी गाठ पडली की निळसर काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) घालून पूर्वी शाई करायचे, ती हीच. कढईतून लोह उतरतं, कबूल. पण टॅनिन ते असं घट्ट धरतं की आतड्याला फारसं मिळतच नाही. वर त्याच वेळी जेवणातलं आणि गोळीतलं लोहही अडवतं. चहाचं तेच. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भात आणि सूपाच्या जेवणातलं जवळपास 11 टक्के लोह शोषलं जात होतं; सोबत चहा दिल्यावर ते अडीच टक्क्यांवर आलं.

आता "आयुर्वेदात लिहिलंय". लिहिलंय ना! भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हिरडा कुणी खाऊ नये याची यादीच आहे: दमलेला, अशक्त, कृश, उपासाने खंगलेला, पित्त वाढलेला, रक्त काढलेला आणि गर्भवती. मेसेज लिहिणाऱ्याने तो श्लोक उघडलाच नसणार. रक्त कमी असताना देतात त्या नवायस लोह या आयुर्वेदिक औषधात हिरडा असतो, असं कुणी म्हणेल. असतो, पण तिथे लोहभस्म मोजून घातलेलं असतं आणि ते वैद्य तपासून देतो, आत्या नाही.

मेसेजमध्ये हिरड्याचे आणखीही फायदे सांगितले होते, ते मुद्दे किरकोळ. हिरड्याच्या काढ्याने गुळण्या केल्या की हिरड्या आवळतात, हे बरोबर. टॅनिन तुरट असतं, ते तेच करतं. पोट साफ होतं, तेही बऱ्याच अंशी खरं. केस काळे होतात? काढा लावला तर रंगतील, प्यायल्याने नाही.

गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवायची, लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम. चहा तासाभराने. आणि हिरडा बाळंतपण होईपर्यंत डब्यातच राहू दे, नंतरही वैद्यांना विचारूनच.